मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरताना नेमका कोणता रिसेप्टर धरतो हे शोधायचं कसं: कल्चरपासून नॉकआउटपर्यंत

मलेरियाचा मेरोझोइट, म्हणजे लाल पेशींत शिरणारं परजीवीचं रूप, फुटलेल्या पेशीतून बाहेर पडला की त्याच्याकडे मोजकी मिनिटं असतात. साधारण एक-दीड मायक्रॉनचा हा जीव, तेवढ्या वेळात नवी लाल पेशी गाठायची, तिच्यावर आपलं टोक बरोबर टेकेल असं वळायचं आणि आत शिरायचं, नाही जमलं तर खेळ खलास. हे सगळं पेशीवरच्या ज्या मानवी प्रोटीनला धरून होतं तो रिसेप्टर, आणि परजीवीच्या बाजूचं जे प्रोटीन ते धरतं तो लिगँड. हा लेख एमएस्सी, पीएचडी करणाऱ्यांसाठी, नुकतीच जेआरएफ मिळून पॅरासायटॉलॉजीच्या लॅबमध्ये आलेल्यांसाठी आणि ज्यांना पेपर वाचताना "हे यांनी सिद्ध केलं कसं" असा प्रश्न पडतो त्या सगळ्यांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एखादं परजीवी प्रोटीन लाल पेशीला चिकटतं एवढं दाखवून रिसेप्टर सापडत नाही. दारावरची बेल वाजवणं वेगळं आणि दार उघडून आत येणं वेगळं. रिसेप्टर म्हणायचं तर तो काढला की शिरणं थांबलं पाहिजे, आणि तो परत घातला की शिरणं परत चालू झालं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका कसोटीकडे जातात, आणि मी त्या स्वस्त ते महाग अशा क्रमाने लावल्यात, कारण नॉकआउटवर, म्हणजे जीन काढून टाकायच्या कामावर, वर्ष घालवायच्या आधी दोन दिवसांच्या एन्झाइम टेस्टने बरंच काही कळून जातं.

पायरी १: कोणता परजीवी, कोणता टप्पा

प्रश्न आधी छोटा करा. डासाच्या लाळेतून येणारं परजीवीचं रूप, स्पोरोझोइट, लिव्हरच्या पेशीत शिरतं ती गोष्ट वेगळी, तिथे हेपरान सल्फेट, सीडी८१, एसआर-बी१, एफए२ अशी नावं येतात आणि लागणाऱ्या पेशी, डास, पद्धती सगळंच वेगळं. इथे आपण रक्तातल्या टप्प्याबद्दलच बोलतोय.

रक्तातल्या टप्प्यातही फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स या मलेरियाच्या परजीवीच्या दोन प्रजातींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. फाल्सिपेरम लहान-मोठ्या सगळ्या वयाच्या लाल पेशींत शिरतो आणि १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी दाखवल्यापासून तो लॅबमध्ये सलग वाढवता येतो. व्हायवॅक्सला रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्या तयार झालेल्या पेशीच लागतात आणि त्याचं सलग कल्चर अजून नीट जमत नाही, त्यामुळे पेशंटचं ताजं सॅम्पल आणि नाळेच्या रक्तातले रेटिक्युलोसाइट यांच्यावर काम करावं लागतं. मधला मार्ग म्हणजे नोलेसाय ही तिसरी प्रजाती. हा मूळचा माकडांचा परजीवी, पण २०१३ मध्ये त्याला मानवी लाल पेशींत वाढायची सवय लावलेल्या लाइन तयार झाल्या, आणि तो व्हायवॅक्सचा जवळचा नातेवाईक असल्याने व्हायवॅक्सचे लिगँड त्याच्यात बसवून तपासता येतात. नवीन माणसाने फाल्सिपेरमपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

स्ट्रेन एक घेऊ नका, निदान दोन घ्या. फाल्सिपेरमचे लॅबमधले ३डी७ घ्या आणि डीडी२ किंवा डब्ल्यू२मेफ घ्या. डीडी२ आणि डब्ल्यू२मेफला लाल पेशीवरचं सायलिक ॲसिड (प्रोटीनवर लागलेली एक साखर) लागतं, ३डी७ त्याच्याशिवायही बऱ्यापैकी शिरतो. दोघांचे रस्ते वेगळे, म्हणून एकावर मिळालेलं उत्तर दुसऱ्यावर लागू होईलच असं नाही, आणि हा फरकच पुढे तुमच्या कामी येतो. डब्ल्यू२मेफ तर न्यूरामिनिडेज (सायलिक ॲसिड काढणारं एन्झाइम) दिलेल्या पेशींवर वाढवत ठेवला की रस्ता बदलून सायलिक ॲसिडशिवाय शिरायला लागतो, त्यात आरएच४ नावाच्या लिगँडचा जीन चालू होतो हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. (हा आरएच म्हणजे परजीवीचं प्रोटीन, आपल्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह रक्तगटाशी त्याचा काही संबंध नाही.)

पायरी २: परवानग्या, रक्त आणि कल्चर

मानवी रक्त वापरणार म्हणजे संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि जीन बदललेला परजीवी किंवा बदललेल्या पेशी वापरणार असाल तर बायोसेफ्टी कमिटीचीही. ही कागदपत्रं प्रयोग ठरवतानाच टाका, नंतर धावपळ नको. काम बायोसेफ्टी लेव्हल २ मध्ये. रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी साठी तपासलेलं हवं. कल्चरमधल्या फाल्सिपेरमची सुई टोचली तर खराखुरा मलेरिया होतो, म्हणून शक्यतो सुई आणि काच टाळा, आणि तुमचा स्ट्रेन कोणत्या औषधाला दाद देतो आणि कोणत्या औषधाला देत नाही हे लॅबच्या भिंतीवर लिहून लावा.

रक्त घेताना हिरव्या टोपीची हेपॅरिनची ट्यूब चुकूनही घेऊ नका. हेपॅरिन स्वतःच मेरोझोइटचं शिरणं अडवतं, तुमचा सगळा प्रयोग आधीच ब्लॉक झालेला असेल आणि तुम्ही कारण भलतीकडेच शोधत बसाल. सायट्रेटवालं रक्त घ्या, वरचा पांढऱ्या पेशींचा थर काढून टाका आणि साध्या आरपीएमआयने तीन वेळा वॉश करा. ओ गट सोयीचा पडतो कारण मिडियममध्ये मानवी सीरम वापरलं तरी गुठळ्या होत नाहीत. ब्लड बँकेतली जुनी बॅग मिळते म्हणून वापरली जाते, पण जुन्या पेशी कडक होतात, शिरणं आपोआप कमी होतं, त्यामुळे टेस्टची आणि कंट्रोलची पेशी एकाच डोनरची, एकाच दिवशी काढलेली असली पाहिजे.

मिडियम म्हणजे आरपीएमआय १६४०, त्यात हेपिस, सोडियम बायकार्बोनेट, हायपोझँथिन, जेंटामायसिन आणि अल्ब्युमॅक्स किंवा मानवी सीरम. तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के, ऑक्सिजन कमी, बाकी नायट्रोजन. गॅस मिक्स्चर नसेल तर मेणबत्ती लावून बंद केलेली बरणी आजही चालते, ट्रेगर-जेन्सन यांच्या काळापासून चालत आलीय.

फाल्सिपेरमचं चक्र ४८ तासांचं. सगळे परजीवी एकाच वयाचे असल्याशिवाय "किती नवीन पेशींत शिरले" हे मोजताच येत नाही, म्हणून सिंक करायचं. सोपा उपाय ५ टक्के सॉर्बिटॉल. मोठ्या झालेल्या परजीवीच्या पेशीत सॉर्बिटॉल आत जातं आणि ती पेशी फुटते, रिंग टप्प्यातल्या, म्हणजे परजीवी नुकताच शिरलेल्या पेशीत जात नाही म्हणून रिंग वाचतात. हे दोन चक्रं लागोपाठ केलं की स्लाइडवर एकसारखी रिंग दिसायला लागते. उलट बाजूने, पिकलेले शायझॉन्ट, म्हणजे फुटायच्या बेतात आलेले परजीवी, वेगळे काढायचे असतील तर मॅग्नेटिक कॉलम वापरा, त्यांच्यातल्या हिमोझॉइनमध्ये (हिमोग्लोबिन पचवून उरलेल्या रंगद्रव्यात) लोह असल्याने ते कॉलमवर अडकतात आणि बाकीच्या पेशी वाहून जातात.

पायरी ३: एन्झाइम टेस्ट, इथे घाई नको

ही टेस्ट साधी दिसते म्हणून लोक उरकून टाकतात आणि मग अर्थ लावताना फसतात. कल्पना अशी की लाल पेशीवरची प्रोटीनं एन्झाइमने कापायची किंवा त्यांची साखर काढायची, आणि मग परजीवी शिरतो का ते बघायचं. कोणत्या एन्झाइमने शिरणं पडलं यावरून रिसेप्टरचा स्वभाव कळतो.

तीन एन्झाइम. न्यूरामिनिडेज सायलिक ॲसिड काढतं. ट्रिप्सिन लाल पेशीवरच्या ग्लायकोफोरिन प्रोटीनपैकी ए आणि सी कापतं पण ग्लायकोफोरिन बी सोडून देतं. कायमोट्रिप्सिन ग्लायकोफोरिन बी कापतं, डफी रक्तगटाचं प्रोटीनही कापतं. कॉम्प्लिमेंट रिसेप्टर १ हे लाल पेशीवरचं आणखी एक प्रोटीन ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन दोघांनाही बळी पडतं पण न्यूरामिनिडेजने त्याला काही होत नाही. म्हणजे समजा तुमच्या स्ट्रेनचं शिरणं न्यूरामिनिडेजने पडलं, ट्रिप्सिननेही पडलं, कायमोट्रिप्सिनने फारसं नाही, तर संशय ग्लायकोफोरिन ए किंवा सी वर जातो. न्यूरामिनिडेजने काहीच झालं नाही पण बाकी दोन्हींनी पडलं तर कॉम्प्लिमेंट रिसेप्टर १ च्या दिशेने बघा, आरएच४ चा रिसेप्टर हाच आहे हे २०१० मध्ये पुढे आलं, त्याआधी कितीतरी वर्षं लोक एन्झाइमच्या या नमुन्यावरूनच त्या अनोळखी रिसेप्टरबद्दल बोलत होते.

आता प्रत्यक्ष काम. धुतलेल्या पेशींना ट्रिप्सिन किंवा कायमोट्रिप्सिन १ मिलिग्रॅम प्रति मिली या अंदाजाने ३७ अंशांवर एक तास द्या, आणि त्याच पेशींचा एक भाग एन्झाइमशिवाय, तेवढाच वेळ, त्याच बफरमध्ये ठेवा. ट्रिप्सिन टीपीसीके-ट्रीटेड आणि कायमोट्रिप्सिन टीएलसीके-ट्रीटेड घ्या, नाहीतर एकात दुसऱ्याची भेसळ असते आणि तुमचा नमुना गढूळ होतो. काम झालं की सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर घालून नीट वॉश करा, एन्झाइम मागे राहिलं तर ते मेरोझोइटवरची प्रोटीनंही कापेल.

एन्झाइमने काम केलं की नाही हे गृहीत धरायचं नाही, तपासायचं. न्यूरामिनिडेजसाठी शेंगदाण्याचं लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रोटीन) वापरा, सायलिक ॲसिड निघालं की खालची साखर उघडी पडते आणि या लेक्टिनने पेशींच्या गुठळ्या होतात, न काढलेल्या पेशींच्या होत नाहीत. ब्लड बँकेतली मंडळी हीच गोष्ट टी-ॲक्टिव्हेशन म्हणून ओळखतात. ट्रिप्सिनसाठी ग्लायकोफोरिन ए च्या बाहेरच्या टोकाविरुद्धची अँटिबॉडी लावून फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीचा रंग मोजणाऱ्या मशीनवर) बघा, सिग्नल पडला पाहिजे.

आणि आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. तुम्ही टार्गेट पेशींना एन्झाइम दिलं, पण परजीवी ज्या कल्चरमधून घेतलात त्यात साध्या, एन्झाइम न दिलेल्या पेशी भरपूर आहेत. मेरोझोइट बाहेर पडला की त्या साध्या पेशींतच शिरतो आणि तुम्हाला वाटतं एन्झाइमचा काही परिणाम नाही. यावर दोन उपाय: शायझॉन्ट मॅग्नेटिक कॉलमवर स्वच्छ करून मगच टार्गेटमध्ये सोडा, किंवा टार्गेट पेशींना डीडीएओसारखा रंग लावा आणि डीएनएसाठी सायबर ग्रीन वापरा, मग फ्लो सायटोमीटरवर फक्त रंगवलेल्या पेशींतला परजीवी मोजता येतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो कारण त्यात एकाच वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) दोन वेगळ्या रंगांच्या टार्गेट पेशी शेजारी ठेवून परजीवी कोणती निवडतो हेही बघता येतं.

मोजायचं रिंगवर, म्हणजे नवीन पेशीत शिरून काही तास झाल्यावर. ४८ तास उलटून मोजलं तर शिरणं कमी झालं की आत वाढ खुंटली हे वेगळं करता येत नाही. हिशोब असा: समजा साध्या पेशींत ४ टक्के रिंग, हेपॅरिन टाकलेल्या वेलमध्ये ०.२ टक्के, एन्झाइमवाल्यात १.१ टक्के. हेपॅरिनवाला आकडा दोन्हींतून वजा करा, ०.९ भागिले ३.८, म्हणजे साधारण २४ टक्के शिरणं उरलं. हेपॅरिनचा वेल ठेवलाच पाहिजे, तो नसेल तर जुने न फुटलेले परजीवी आणि मशीनची पार्श्वभूमी तुमच्या उत्तरात मिसळते. आणि मशीनने काहीही सांगितलं तरी गिम्साची एक स्लाइड १०० च्या ऑइल लेन्सखाली स्वतः बघा. खरी रिंग पेशीच्या आत, पातळ निळं वळं आणि कडेला लालसर ठिपका अशी दिसते, बाहेर चिकटून बसलेला मेरोझोइट गडद, भरीव ठिपक्यासारखा. सायटोमीटरला दोघंही "डीएनए असलेली पेशी" म्हणूनच दिसतात.

एन्झाइम टेस्टची मर्यादाही माहीत हवी. बेसिजिन (याबद्दल पायरी ५ मध्ये) हा आजवरचा सगळ्यात महत्त्वाचा फाल्सिपेरम रिसेप्टर, पण तो या एन्झाइमना फारशी दाद देत नाही. म्हणून "काहीच फरक पडला नाही" हेही उत्तर आहे, त्याचा अर्थ रिसेप्टर नाही असा होत नाही.

पायरी ४: निसर्गाने आधीच केलेले नॉकआउट

काही माणसांच्या लाल पेशींवर एखादं प्रोटीन जन्मतःच नसतं. दुर्मिळ रक्तगटांच्या या पेशी मिळाल्या तर तुम्हाला फुकटात नॉकआउट मिळाला.

डफीची गोष्ट इथूनच आली. लुई मिलर यांच्या गटाने १९७५ मध्ये दाखवलं की डफी निगेटिव्ह पेशींत नोलेसाय शिरत नाही, आणि १९७६ मध्ये डफी निगेटिव्ह लोकांना व्हायवॅक्सची लागण होत नाही हे मांडलं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत बहुतेक लोक डफी निगेटिव्ह, तिथे व्हायवॅक्स फारच कमी. कारण नंतर कळलं, १९९५ मध्ये, की जीनच्या प्रमोटरमध्ये (जीन चालू करणाऱ्या भागात) गाटा-१ हे प्रोटीन बसायच्या जागी एकच अक्षर बदललंय, त्यामुळे लाल पेशींतच डफी बनत नाही, शरीरात इतरत्र बनतो. आपल्याकडे डफी निगेटिव्ह माणूस क्वचित सापडतो, म्हणून व्हायवॅक्सला भारतात मोकळं रान आहे. पण २०१० मध्ये मादागास्करमधून डफी निगेटिव्ह लोकांनाही व्हायवॅक्स झाल्याची नोंद आली. म्हणजे मुख्य रस्ता बंद असला तरी आडवाट असू शकते, निष्कर्ष लिहिताना "शिरूच शकत नाही" असं कधी लिहू नका.

बाकी उदाहरणंही बघून ठेवा. ग्लायकोफोरिन सी चा तुकडा नसलेल्या गेर्बिख निगेटिव्ह पेशी पापुआ न्यू गिनीत सापडतात, त्यांच्यामुळे परजीवीच्या ईबीए-१४० या लिगँडचा रिसेप्टर ग्लायकोफोरिन सी असल्याचं पक्कं झालं. त्याच गटातल्या ईबीए-१७५ साठी ग्लायकोफोरिन ए, ईबीएल-१ साठी ग्लायकोफोरिन बी. केनियातल्या डान्टू रक्तगटाची गंमत अजून वेगळी, तिथे ग्लायकोफोरिन ए आणि बी जोडून एक संकरित प्रोटीन झालंय आणि २०२० मध्ये कळलं की या पेशींचं आवरणच जास्त ताणलेलं असतं, म्हणून परजीवीला शिरायला जड जातं. हा धडा मोठा आहे: दुर्मिळ पेशीत शिरणं कमी झालं तर रिसेप्टर गेला म्हणून कमी झालं की पेशी कडक झाली म्हणून, हे वेगळं तपासावं लागतं. त्यासाठी ज्या स्ट्रेनला तो रिसेप्टर लागत नाही असा स्ट्रेन त्याच पेशीवर चालवा, तोही अडकला तर गोष्ट पेशीच्या ताणाची असू शकते.

या पेशी मिळवायच्या कुठून? मोठ्या रेफरन्स ब्लड बँका. आपल्याकडे मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटोलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, दुर्मिळ रक्तगटांवर तिथे काम चालतं, आणि बॉम्बे ब्लड ग्रुप १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच शोधला, म्हणजे ही परंपरा आपल्या घरची आहे. अशा पेशी बऱ्याचदा ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या येतात. मग कंट्रोलच्या पेशीही तशाच गोठवून, तशाच वितळवून घ्या, ताज्या पेशींशी तुलना केली तर ती तुलना खोटी.

पायरी ५: प्रोटीन हातात घेऊन जोडीदार शोधणं

आता उलटी दिशा. परजीवीचा लिगँड माहीत आहे, रिसेप्टर माहीत नाही. आरएच५ च्या बाबतीत हेच होतं. हा लिगँड काढून टाकता येत नव्हता, काढायचा प्रयत्न केला की परजीवी जगतच नव्हता, म्हणजे प्रचंड महत्त्वाचा, पण धरतो कुणाला हे कळेना. २०११ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये गॅव्हिन राइट यांच्या गटाने उत्तर शोधलं: बेसिजिन, म्हणजे सीडी१४७, ओके रक्तगट ज्याच्यावर असतो ते प्रोटीन.

पद्धतीचं नाव अव्हेक्सिस. पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रोटीनमधली जोडणी फार कमकुवत असते, सेकंदात सुटते, साध्या पुल-डाउनमध्ये (एक प्रोटीन धरून त्याला चिकटलेलं दुसरं ओढून काढायच्या पद्धतीत) वॉश करतानाच निघून जाते. म्हणून इथे एका बाजूच्या प्रोटीनला बायोटिन लावून स्ट्रेप्टाव्हिडिनच्या प्लेटवर बसवतात आणि दुसऱ्या बाजूचं प्रोटीन पाच-पाचच्या गुच्छात बांधतात. एक हात सुटला तरी बाकीचे चार धरून असतात. गुच्छाला बीटा-लॅक्टामेज एन्झाइम जोडलेलं असतं, शेवटी नायट्रोसेफिन घातलं की जिथे जोडी जमली तो वेल पिवळ्याचा लाल होतो. आख्खी पिवळी प्लेट आणि त्यात एखादाच लाल वेल, हे बघायला मिळालं की पुढच्या कामाला दिशा मिळते.

प्रोटीन बनवताना तीन गोष्टी सांभाळा. एक, बॅक्टेरियात बनवू नका, या प्रोटीनमध्ये डायसल्फाइडच्या गाठी भरपूर असतात, घडी चुकते. एचईके२९३ सारख्या मानवी पेशींत बनवा. दोन, प्लास्मोडियमचा डीएनए ए-टी ने भरलेला असतो, तसाच घातला तर मानवी पेशी तो नीट वाचत नाही, कोडॉन बदलून घ्या. तीन, परजीवी आपल्या प्रोटीनवर एन-ग्लायकोसायलेशन जवळजवळ करत नाही पण मानवी पेशी ते करून टाकते, मग खोट्या साखरेने बांधायची जागा झाकली जाते, म्हणून त्या जागांवरचं सेरिन किंवा थ्रिओनिन बदलून ॲलॅनिन करतात.

हल्ली अल्फाफोल्डवर (प्रोटीनचा आकार ओळखणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर) दोन प्रोटीनची जोडी लावून बघणं सोपं झालंय. यादी छोटी करायला वापरा, पुराव्यासाठी नको.

लाल वेल मिळाला की सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्सवर जोडणी किती घट्ट आहे ते मोजा. आरएच५ आणि बेसिजिनची जोडणी साधारण १ मायक्रोमोलरची आहे, म्हणजे ढिली. आकडा बघून निराश होऊ नका, पेशींच्या पृष्ठभागावर असंच असतं. मात्र मोजायच्या आधी प्रोटीन साइझ कॉलममधून काढून एकटं रेणू असलेलाच भाग घ्या, गोळा झालेलं प्रोटीन उगाच घट्ट बांधल्यासारखं दाखवतं. अजून एक, पेशीवर बेसिजिन एकटा नसतो, तो कॅल्शियम पंप पीएमसीए आणि लॅक्टेट वाहून नेणाऱ्या एमसीटी१ बरोबर जोडीने असतो, आणि आरएच५ त्या जोडीला एकट्या बेसिजिनपेक्षा घट्ट धरतो हे २०२३ मध्ये दिसलं. प्लेटवरचा एकटा तुकडा म्हणजे पूर्ण रिसेप्टर नव्हे.

इथेच थांबायचा मोह होतो. एमट्रॅप नावाच्या परजीवी प्रोटीनचा जोडीदार सेमाफोरिन-७ए आहे हे २०१२ मध्ये याच पद्धतीने सापडलं, जोडणी अगदी स्वच्छ. पण पुढे एमट्रॅप काढून टाकलेले परजीवी रक्तात छान वाढले, त्याची खरी गरज डासाकडे जाणाऱ्या गॅमिटला (परजीवीच्या नर-मादी रूपाला) पेशीतून बाहेर पडताना लागते असं निघालं. बांधतं खरं, पण लाल पेशीत शिरायला ते लागत नाही.

पायरी ६: अडवून बघा

तीन प्रकारे अडवता येतं. रिसेप्टरविरुद्धची अँटिबॉडी, लिगँडविरुद्धची अँटिबॉडी, आणि रिसेप्टरचा विरघळणारा तुकडा जो परजीवीला फसवतो. तिन्ही करा, तिन्ही एकाच दिशेला गेले तर विश्वास वाढतो. बेसिजिनच्या बाबतीत अँटिबॉडीने वेगवेगळ्या स्ट्रेनचं शिरणं अडलं, ही मोठी गोष्ट होती, कारण ग्लायकोफोरिनसारख्या रिसेप्टरना पर्याय असतात आणि एक अडवला की परजीवी दुसरा धरतो.

अँटिबॉडी हा मोठा रेणू आहे, तो शेजारच्या प्रोटीनवर बसूनही वाट अडवू शकतो आणि दोन पेशींना एकत्र चिकटवूही शकतो. म्हणून फॅब तुकडा (अँटिबॉडीचा फक्त धरणारा हात) करून परत चालवा, त्याच पेशीवरच्या भलत्याच प्रोटीनविरुद्धची अँटिबॉडी कंट्रोल म्हणून ठेवा, आणि डोस वाढवत नेऊन वक्र काढा. एकाच डोसवरचा निकाल मी तरी मानत नाही. विकतच्या अँटिबॉडीत सोडियम अझाइड असतं, ते परजीवीला मारतं, आधी डायलिसिस करून काढा.

पायरी ७: जीन काढा, परत घाला

लाल पेशीला केंद्रकच नाही, मग तिच्यात क्रिस्पर (जीन कापायची पद्धत) करायचं कसं हा अडथळा होता. उपाय म्हणजे आईपेशीत बदल करायचा. सीडी३४ पेशी, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळपेशी, घेऊन, त्यात जीन दाबून, एरिथ्रोपोएटिन देत साधारण तीन आठवडे वाढवून रेटिक्युलोसाइट करायचे आणि त्यांच्यावर परजीवी सोडायचा. २०१५ मध्ये याच मार्गाने रक्तगटांचे बरेच जीन एकेक करून दाबले गेले आणि शिरायला लागणारं प्रोटीन म्हणून सीडी५५ पुढे आलं. याची अडचण अशी की प्रत्येक वेळी नवा डोनर, नवी सुरुवात. २०१७ मध्ये ब्रिस्टॉलहून बेल-ए नावाची न संपणारी लाइन आली, तिच्यात एकदा क्रिस्पर केलं की तीच पेशी परत परत मिळते. २०१९ मध्ये या लाइनमधून बेसिजिन काढला तर शिरणं पूर्ण बंद झालं, आणि बेसिजिन परत घातल्यावर चालू झालं, इतकंच नाही तर त्याची पेशीच्या आतली शेपटी कापून घातला तरी चाललं. म्हणजे बाहेरचा भाग पुरेसा आहे. ही "परत घाला" पायरी कंटाळून सोडणारे बरेच असतात आणि तिथेच काम कच्चं राहतं, कारण बेसिजिन काढल्यावर त्याचा जोडीदार एमसीटी१ ही पृष्ठभागावर कमी होतो, मग दोष कुणाचा हे परत घातल्याशिवाय कळणार कसं.

कंट्रोल म्हणून तेवढ्याच दिवसांची, तशीच वाढवलेली, जीन न काढलेली पेशी. डोनरची साधी लाल पेशी इथे कंट्रोल होत नाही, रेटिक्युलोसाइट आणि जुनी पेशी यांची पृष्ठभागावरची प्रोटीनं वेगळी असतात. ट्रान्सफेरिन रिसेप्टर १ हेच बघा, रेटिक्युलोसाइट पिकता पिकता तो निघून जातो, आणि व्हायवॅक्सचा आरबीपी२बी हा लिगँड नेमका त्यालाच धरतो हे २०१८ मध्ये आलं, व्हायवॅक्सला तरुण पेशीच का लागतात याचं एक कारण तिथे मिळालं.

पायरी ८: नेमकं कोणत्या क्षणी

मायक्रोस्कोपवर ३७ अंशांचा स्टेज असेल तर शायझॉन्ट फुटताना व्हिडिओ घ्या. आधी पेशी मेरोझोइटभोवती लाटेसारखी हलते, मग तो वळून टोक लावतो, मग आत जातो आणि शेवटी पेशी काही वेळ काटेरी होते. ईबीए आणि आरएच गटातले बाकीचे लिगँड त्या पहिल्या लाटेशी जोडलेले आहेत. आरएच५-बेसिजिन अडवलं तर लाट येते, पण पुढचा कॅल्शियमचा लखलखाट, जो फ्लुओ-४ या रंगाने दिसतो, येत नाही आणि शिरणं तिथेच थांबतं. सायटोकॅलॅसिन डी (परजीवीची आत ढकलणारी यंत्रणा थांबवणारं औषध) दिलं तर मेरोझोइट घट्ट चिकटतो पण आत जात नाही, तुमचा रिसेप्टर त्या आधीचा की नंतरचा हे ठरवायला हा चांगला दुवा आहे.

पायरी ९: लॅबच्या बाहेरचा परजीवी

३डी७ वर्षानुवर्षं फ्लास्कमध्ये राहिलाय. शेवटचा दाखला पेशंटकडून आलेल्या परजीवीवरच घ्यायचा. आपल्याकडे गडचिरोलीसारख्या भागातलं सॅम्पल मिळवायचं तर आधी जिल्ह्याची आणि एथिक्सची परवानगी, पेशंटची त्याच्या भाषेत समजावून घेतलेली संमती, आणि रक्त उपचारांना उशीर न करता घ्यायचं. रिंग टप्प्यात आलेला परजीवी पहिल्याच चक्रात, कल्चरची सवय लागायच्या आत, अँटिबॉडीच्या वेलमध्ये टाका. पेशंटच्या प्लाझ्मात त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडी आणि कधी औषधही असतं, म्हणून आधी नीट वॉश. व्हायवॅक्सची मिश्र लागण असू शकते, पीसीआर करून प्रजाती पक्की करा. तीन-चार नाही, शक्य तेवढे वेगळे आयसोलेट (वेगवेगळ्या पेशंटकडून आलेले परजीवी) बघा आणि प्रत्येकाच्या लिगँडच्या जीनचं सिक्वेन्सिंग करून ठेवा, आरएच५ फार कमी बदलतो म्हणूनच ऑक्सफर्डच्या गटाने त्यावर लस बांधली आणि ती बुर्किना फासोमधल्या लहान मुलांपर्यंत पोचली, तुमच्या लिगँडमध्ये मात्र गावागावाला फरक असेल तर तो लसीच्या कामाचा आहे का हे इथेच कळतं.

उरलेलं सॅम्पल ग्लिसरॉलच्या द्रावणात गोठवून लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवा, व्हायलवर तारीख, टप्पा, पॅरासायटेमिया (किती टक्के पेशींत परजीवी) आणि डोनरचा कोड लिहा, पेशंटचं नाव लिहू नका.